लाल थेंबाचा माग

गळती ही आपल्या बायकांच्या नेहमीच्या ओळखीची. न्हाणीघरातला नळ रात्री ठिबकत राहिला, की झोपेतसुद्धा आपला कान तिकडे असतो. कुकरच्या कडेनं वाफ जाऊ लागली, की आपण आधी रबरी रिंग काढून पाहतो. कुकर मोडीत घालायला कुणी निघत नाही. पण तोच थेंब मोटारीखाली दिसला, की आपण हात झटकून मोकळ्या होतो. आपण म्हणतो, "ते पुरुषांचं काम." पुरुष म्हणतात, "ते गॅरेजवाल्याचं काम." मधल्या मधे थेंब आपला पडतच राहतो. आज त्या थेंबाविषयी चार गोष्टी सांगाव्यात असं मनात आहे.

माझं माहेर मिरजेचं, पण गेली बरीच वर्षं आम्ही अमेरिकेत, मिशिगन राज्यात राहतो. आमची गाडी म्हणजे इथं जिला मिनीव्हॅन म्हणतात ती. सात माणसांची, बुटकी नि लांबुळकी, बाजूला सरकणाऱ्या दारांची. २००८ सालची. मुलांच्या शाळा, रविवारचा मराठी वर्ग, गणपतीचं सामान, सगळं तिनंच वाहिलं. पण २०२१ पासून तिच्याकडे एक वेगळंच काम आलं. सासूबाईंचं डायलिसिस सुरू झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. दरवेळी चार चार तास. आणि केंद्र घरापासून अठरा मैलांवर. त्यांचे गुडघे गेलेले. छोट्या मोटारीत वाकून बसणं जमेना, उंच जीपमध्ये चढणं तर नकोच. ह्या व्हॅनचं दार मात्र सरकून पुरतं उघडतं आणि बैठक नेमकी त्यांच्या बेताच्या उंचीला येते. पाठ लावायची, टेकायचं नि पाय आत घ्यायचे. त्या गाडीला 'माझी पालखी' म्हणायच्या.

२०२२ च्या नोव्हेंबरात ह्या पालखीखाली लाल डाग दिसू लागले. आधी रुपयाएवढा, मग बशीएवढा. सकाळी गाडी मागे घ्यायची म्हटली, की ती क्षणभर विचार करी नि मग धक्का देऊन हले. चढावर इंजिनाचा आवाज वाढे, पण वेग वाढत नसे. एका मोठ्या गॅरेजात दाखवली. त्यांनी गाडी वर उचलून पाहिली नि सांगितलं, गिअरबॉक्स गेला; उतरवून नव्यानं बांधावा लागेल; अडतीसशे डॉलर.

आमच्या ह्यांचं कंत्राटी काम ऑक्टोबरातच संपलं होतं. रात्री जेवणं झाल्यावर ह्यांनी हिशेब मांडला. चौदा वर्षांची गाडी, १,६२,००० मैल म्हणजे दोन लाख साठ हजार किलोमीटर झालेले, विकली तर अडीच हजारही येणार नाहीत. तिच्यात अडतीसशे घालायचे? त्यापेक्षा कर्ज काढून नवी घेऊ. नवी मिनीव्हॅन चाळीस हजारांच्या घरात!

मी म्हटलं, "अहो, पण हप्ते कुठून भरायचे?"

"मग आईला काय बर्फातून बसनं न्यायचं?" ह्यांचा आवाज चढला.

सासूबाई शेजारच्या खोलीत जाग्याच होत्या. म्हणाल्या, "माझ्यापायी कर्ज काढू नका रे. तीनदाऐवजी दोनदा गेले तर काय बिघडतंय?"

काय बिघडतं ते आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. मूत्रपिंडं काम करीत नसली की एका फेरीची गैरहजेरीसुद्धा अंगात पाणी साठवते, रक्तातलं पोटॅशियम वाढवते, थेट हृदयावर येते. त्या रात्री मी ठरवलं, की विकायची का दुरुस्त करायची ते मागाहून. आधी हे लाल पाणी येतं कुठून, ते आपल्या डोळ्यांनी पाहायचं.

आमच्या दोन घरं पलीकडे एक सत्तरीच्या बाई एकट्याच राहतात. त्यांनी सत्तावीस वर्षं विलो रनच्या कारखान्यात गिअरबॉक्स जुळवले. विलो रन हे नाव इकडे लहान पोरालाही माहीत असतं. दुसऱ्या महायुद्धात फोर्ड कंपनीनं तिथं बी-२४ जातीची बाँबफेकी विमानं बांधली, आणि ती बांधायला हजारो बायका कामावर होत्या. पुढे १९५३ च्या ऑगस्टमध्ये जनरल मोटर्सचा लिव्होनियाचा गिअरबॉक्सचा कारखाना आगीत भस्म झाला, तेव्हा ते काम विलो रनला हलवलं गेलं नि २०१० पर्यंत तिथं चाललं. आमच्या शेजारीण बाई शेवटपर्यंत तिथं होत्या. मी एक डबा भरून शंकरपाळे घेऊन गेले नि विचारलं, "बघता का जरा?" त्यांनी चष्मा बदलला नि एक जुनी चटई काखेत मारून आल्याच!

त्यांनी मला प्रथम एवढंच समजावलं, की आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीत ते लाल तेल म्हणजे नुसतं वंगण नव्हे. साध्या गाडीत आपण क्लच दाबतो, दांडा हलवतो. इथं ते काम तेलाचा दाब करतो. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एक चालू केला, की त्याच्या वाऱ्यानं दुसऱ्याची पाती फिरू लागतात. तसंच इंजिन नि गिअरबॉक्स ह्यांच्यामध्ये दोन पंखे असतात. मधे वाऱ्याच्या जागी तेल. शिवाय आतल्या चकत्या एकमेकींना घट्ट धरायच्या त्या तेलाच्याच दाबानं, आणि त्यांची ऊब बाहेर न्यायची तीही तेलानंच. म्हणजे तेल कमी झालं की दाब कमी; दाब कमी की चकत्या घसरणार; घसरल्या की तापणार; तापल्या की तेल जळणार. आमची गाडी मागे यायला विचार करीत होती, ती ह्यामुळे. गिअरबॉक्स गेलाच असेल असं नाही; तो उपाशी असेल, असं बाईंचं म्हणणं.

जनरल मोटर्सनं १९३९ साली ओल्ड्समोबिल गाडीसाठी असा गिअरबॉक्स प्रथम मोठ्या प्रमाणावर विकायला काढला. ह्या तेलाला लाल रंग मुद्दाम घालतात, तो इंजिनच्या तेलापासून चटकन वेगळं ओळखता यावं म्हणून. आणि एक गोष्ट ऐकून तर मला नवलच वाटलं: १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ह्या तेलात देवमाशाचं तेल मिसळत असत! अमेरिकेत देवमाशांना कायद्याचं संरक्षण मिळालं, तेव्हा ते बंद झालं.

गाडीखालचा थेंब ओळखायची रीत अगदी आपल्या स्वयंपाकघरातली. पांढऱ्या कागदावर थेंब घ्यायचा, रंग बघायचा, वास घ्यायचा. नितळ पाणी असलं तर ते बहुधा एअरकंडिशनरचं; काळजी नको. मधासारखं किंवा काळपट असलं तर इंजिनचं तेल. हिरवं, नारिंगी नाहीतर गुलाबी, नि वासाला गोडसर असलं तर रेडिएटरचं पाणी. ते विषारी असतं, मुलांना नि मांजराकुत्र्यांना त्याच्या जवळ फिरकू देऊ नये. लाल नि बोटाला तेलकट लागलं, तर गिअरबॉक्सचं. काही गाड्यांत स्टिअरिंगलाही हेच लाल तेल असतं, एवढं ध्यानात ठेवावं. आणि लाल रंग जाऊन ते काळपट तपकिरी झालं असेल, करपल्याचा वास येत असेल, तर आत चकत्या जळू लागल्या आहेत असं समजावं. आमचं तेल मळकं होतं, पण करपलेलं नव्हतं. तिथंच मला निम्मा धीर आला.

मग माग काढायचा. धावत्या गाडीखालून वारा मागे वाहतो, त्यामुळे तेल मागे मागे पसरतं. थेंब जिथं पडतो तिथं गळती असेलच असं नाही. कौलारू घरात पाणी वाशावरून सरपटत जातं नि भलत्याच ठिकाणी टपकतं, तसंच हे. म्हणून बाईंनी आधी सगळा खालचा भाग ओशटपणा काढायच्या फवाऱ्यानं स्वच्छ पुसून घेतला. मग मी गाडी वीस मिनिटं फिरवून आणली, आणि रात्रभर खाली खोक्याचा मोठा पुठ्ठा पसरून ठेवला. चाकं कुठं होती त्याच्या खुणा पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं केल्या. सकाळी पुठ्ठ्यावर दोन डाग, एकमेकांपासून हातभर लांब. खाली बॅटरी धरून पाहायचं, तेही सर्वांत वरची नि सर्वांत पुढची ओली जागा कोणती ते. तीच गळतीची मूळ जागा.

आमच्या गाडीत अशा दोन निघाल्या. तेल थंड व्हायला रेडिएटरकडे जातं, त्या वाटेवरच्या रबरी नळीला तोंडाशी चिरा पडल्या होत्या; ही मोठी गळती. दुसरी बारीक: ड्रायव्हरच्या बाजूच्या चाकाकडे जो दांडा जातो, तो गिअरबॉक्समधून बाहेर पडतो त्या जागचं रबरी सील कडक होऊन पाझरत होतं. थंडीत रबर आखडतं, म्हणून नोव्हेंबरात जोर. गिअरबॉक्स उतरवावाच लागतो ती गळती निराळी; ती इंजिन नि गिअरबॉक्स जुळतात त्या सांध्यात, मोठ्या पंख्याच्या सीलातून होते नि त्या सांध्याच्या तळाशी ओल दिसते. आमच्याकडे ती जागा कोरडी ठणठणीत होती. शेजारीणबाईंनी तिथं बोट फिरवून मला दाखवलं. काहीच लागलं नाही.

हे सगळं मी ह्यांना बोलावून दाखवलं. ते पुठ्ठ्याकडे पाहत बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "नळी मी आणतो." एवढंच. पण आठ दिवसांत आमच्या घरात जी गोष्ट कुणी मोकळेपणानं बोलू शकत नव्हतं, ती त्या तीन शब्दांनी सुटली.

नळी आणि दोन पट्टे मिळून चौदा डॉलर लागले. नळी ह्या तेलासाठीचीच हवी. पाण्याची किंवा बागेतली नळी कापून लावली तर उष्णतेनं नि तेलानं ती फुगून फाटते. ती ह्यांनीच बसवली. सीलासाठी चाकाकडचा दांडा काढावा लागतो, ते घरच्या हत्यारांचं काम नव्हे. एका छोट्या गॅरेजात दोनशे दहा डॉलर दिले. अडतीसशेच्या जागी सव्वादोनशे! पण त्या गॅरेजात जाताना आम्ही "गाडी बिघडली आहे" असं सांगितलं नाही. "डाव्या दांड्याचं सील बदलायचं आहे" असं सांगितलं. ह्या दोन वाक्यांत किती फरक आहे, तो बिलावर दिसला.

गळती थांबली म्हणजे काम संपलं नाही. गेलेलं तेल भरायला हवं, आणि ते मोजून. तेल मोजायची पट्टी असते, तिला डिपस्टिक म्हणतात. गाडी फिरवून गरम करावी, सपाट जागी उभी करावी, पट्टी पुसून पुन्हा घालून पाहावी. आमच्या गाडीच्या पुस्तकात इंजिन बंद केल्यावर मिनिटा-दीड मिनिटात पाहायला सांगितलं आहे. कित्येक गाड्यांत इंजिन चालू ठेवून पाहतात. आणि हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत पट्टीच नसते, गॅरेजातच पाहावं लागतं. म्हणून शेजारणीचं ऐकण्याआधी, अगदी माझंही ऐकण्याआधी, गाडीबरोबर आलेलं पुस्तक वाचावं. तेल कमी असू नये तसंच खुणेच्या वरही जाऊ नये. जादा झालं तर आतल्या चाकांनी घुसळून त्याला फेस येतो, आणि फेसाला दाब कुठला! आणि डब्यावरचं नाव नि अंक पुस्तकाशी ताडून पाहिल्याशिवाय थेंबही ओतू नये. इथं 'सगळं लाल ते सारखंच' हा हिशेब चालत नाही. गळती बंद करणारं औषध म्हणून बाटल्या मिळतात. त्यांतली द्रव्यं कडक रबराला थोडं मऊ करून फुगवतात, इतकंच. चिरलेल्या नळीला त्यांचा काही उपयोग नाही.

जुनं तेल बदलायलाही एक युक्ती आहे. तळाचा बोल्ट काढला की सगळं तेल येत नाही; मोठ्या पंख्यात पुष्कळ अडकून राहतं. आमच्या गाडीत दर खेपेला जेमतेम चाळीस टक्के निघतं. म्हणून २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही थोड्या थोड्या दिवसांनी तीनदा काढलं नि तेवढंच नवं भरलं. साबणाचे कपडे तीन पाण्यांतून काढतो ना, तसंच हे. तिसऱ्या खेपेला पाऊण हिश्शाहून जास्त तेल नवं झालं. बोल्टाचा वॉशर दर वेळी नवा घातला, नाहीतर नवीच गळती. त्या बोल्टाला लोहचुंबक असतं. त्यावर काजळासारखी बारीक राख दिसली तर ती वयाची झीज. पण धातूचे चकचकीत तुकडे दिसले, तर मात्र तेल बदलून काही साधणार नाही, गिअरबॉक्स खोलावाच लागेल. रेडिएटरमधली आतली भिंत फुटून पाणी तेलात शिरलं, तर तेल स्ट्रॉबेरीच्या मिल्कशेकसारखं दिसतं; तेव्हाही गाडी हलवू नये, उचलूनच न्यावी. दुरुस्तीचाही एक शेवट असतो, तो ओळखता आला पाहिजे.

आता जिवाची गोष्ट. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही, अगदी हात घालण्यापुरतंही शिरू नये. जॅक चाक बदलण्यासाठी असतो. खाली जायचं तर भक्कम लोखंडी घोड्यांवर गाडी टेकवावी, मागच्या चाकांना ठोकळे लावावेत, हँडब्रेक ओढावा. तेल चटका देईल इतकं गरम असतं, निवू द्यावं. काढलेलं तेल मोरीत किंवा मातीत ओतू नये. इथं मोटारीच्या सामानाची बरीच दुकानं ते परत घेतात.

तिकडच्या मैत्रिणी म्हणतील, आम्हाला ह्याचा काय उपयोग? पण आता महाराष्ट्रातही दोन पायडलांच्या गाड्या पुष्कळ झाल्या आहेत. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ आली. तिच्यात किंवा तिच्यासारख्या एएमटी गाड्यांत गिअरबॉक्स साधाच असतो. फक्त क्लच नि गिअर माणसाऐवजी यंत्र हलवतं. त्यांना ही लाल तेलाची गोष्ट जशीच्या तशी लागू नाही. २०१६ च्या इनोव्हा क्रिस्टाच्या ऑटोमॅटिकमध्ये मात्र हेच तेलातले पंखे आहेत. आपल्या दारातली गाडी ह्यांतली कुठली, एवढं घरच्या बाईला ठाऊक असावं. गॅरेजात गेल्यावर तीनच गोष्टी विचाराव्यात: गळतीची नेमकी जागा कुठली ती दाखवा, तेल किती कमी झालं होतं, आणि नवं कुठलं घालणार, त्याचा डबा दाखवा. विचारायला लाजू नये. भाजीवालीला आपण मेथीची जुडी सोडून दाखवायला सांगतोच की!

त्या हिवाळ्यात बर्फ खूप झालं. सासूबाईंची एकही फेरी गाडीपायी चुकली नाही. त्या हिवाळ्यात नाही नि पुढच्याही नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्या गेल्या. त्यांच्या दुखण्यानं गेल्या, आमच्या हिशेबानं नाही, एवढंच मनाला समाधान आहे.

गाडीच्या कप्प्यात मी एक वही ठेवली आहे. तारीख, मैल, तेलाची पातळी, रंग. पहिली पानं माझ्या अक्षरात आहेत. गेलं वर्षभर दर महिन्याच्या पहिल्या रविवारची नोंद ह्यांच्या हातची असते, नि शेवटी न चुकता एकच शब्द लिहिलेला असतो: "कोरडं."